रिकाम्या चर्चमध्ये बाख: गाताना आणि रेकॉर्ड करताना

जर्मनीतल्या एका छोट्या शहरात राहणाऱ्या आणि तिथल्या हौशी चर्च-कॉयरमध्ये टेनर गाणाऱ्या एका मराठी वाचकाचा प्रश्न आहे. कॉयर ३० जणांचा, सोबत पंधरा-सोळा वादक, रचना बाखचं ‘माग्निफिकाट’ (मरियमेच्या स्तुतिगीताची बारा भागांची लॅटिन रचना), जागा गावातलं जुनं दगडी चर्च. तालमीच्या हॉलमध्ये शब्दन् शब्द कळतो, पण चर्चमध्ये उभं राहिलं की सगळं एकमेकांत मिसळून जातं. कंडक्टर म्हणतो, लय कमी करू. मैफिलीच्या आधीच्या दोन रात्री त्याच चर्चमध्ये रेकॉर्डिंगही करायचं आहे आणि ते काम या वाचकाच्याच गळ्यात पडलं आहे. लय कमी करावी का, माइक कुठे लावावेत, बाखच्या काळी हे कसं निभावत असत, आणि पुढे कधी गोव्यात हेच गायचं ठरलं तर काय वेगळं असेल, असं त्यांनी विचारलं आहे.

लय कमी करणं हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. आणि तुमची मुख्य अडचण चर्च मोठं आहे ही नसून ते रिकामं आहे ही आहे.

थोडा हिशोब करू. आवाज थांबल्यावर त्याची पातळी ६० डेसिबलने खाली यायला जितका वेळ लागतो तो त्या जागेचा निनादकाळ. वॉलेस सॅबिनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हार्वर्डमध्ये मांडलेलं सूत्र या कामाला आजही पुरतं: जागेचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६ ने गुणा आणि जागेतल्या एकूण शोषणाने, म्हणजे आवाज गिळणाऱ्या पृष्ठभागाने (तोही चौरस मीटरमध्ये), भागा. तुमचं चर्च १०,००० घनमीटरचं धरू. रिकामं असताना दगड, लाकडी बाकं, काचा सगळं मिळून शोषण ४०० चौरस मीटर धरलं तर निनाद ४ सेकंदांचा येतो. आता बाकांवर ४०० माणसं बसवा. कोट-स्वेटर घातलेला एक माणूस साधारण अर्धा चौरस मीटर शोषण घेऊन येतो. एकूण शोषण ६०० झालं, निनाद २.७ सेकंदांवर आला. भिंती त्याच, छत तेच, पण गाणाऱ्यासाठी ही दुसरीच जागा झाली. तालीम आणि रेकॉर्डिंग तुम्ही ४ सेकंदांच्या जागेत करणार आणि मैफल २.७ च्या. बाखने मात्र हे संगीत भरलेल्या चर्चसाठी लिहिलं.

लाइपझिगचं थॉमसकिर्शं, म्हणजे बाखचं चर्च, आज पाहिलं तर हे लक्षात येत नाही. १८८४ ते १८८९ दरम्यान त्याचं निओ-गॉथिक नूतनीकरण झालं आणि आतली बरोक सजावट गेली. बाख तिथे १७२३ ते १७५० कांटोर (संगीतप्रमुख) होता तेव्हा आत लाकूड भरपूर होतं: थरांवर थर गॅलऱ्या, सधन घराण्यांच्या लाकडी बंदिस्त बैठका, वर खचाखच माणसं. होप बॅगनल या ब्रिटिश ध्वनितज्ज्ञाने १९३० च्या सुमारासच लिहून ठेवलं होतं की धर्मसुधारणेनंतर आलेल्या या लाकूडकामाने त्या उंच गॉथिक चर्चचा निनाद खाली आणला, आणि त्याशिवाय बाखची वेगवान, गुंतागुंतीची बहुस्वरी रचना तिथे ऐकू येणंच शक्य नव्हतं. मला हे मत पूर्ण पटतं. पातळ लाकडी फळ्या खर्जाचे स्वर शोषतात, आणि दगडी चर्चमध्ये सगळ्यात जास्त घोळ खर्जच घालतो.

म्हणून ‘चर्चचं संगीत आहे, घुमणारच’ हे ऐकून गप्प बसू नका. घुमण्यासाठी लिहिलेलं संगीत वेगळं असतं. साल्झबुर्ग कॅथेड्रलसाठी बरोक संगीतकार बीबरने लिहिलेली मानली जाणारी, गायक-वादकांच्या ५३ स्वतंत्र ओळींची ‘मिसा साल्झबुर्गेन्सिस’ पाहा. एकच स्वरमेळ कितीतरी वेळ धरून ठेवलेला, हालचाल पृष्ठभागावर, खालचा पाया सावकाश बदलणारा. ते चर्चच्या आकाराला ओळखून आहे. ‘माग्निफिकाट’मधल्या ‘सिकुत लोकूतुस एस्त’मध्ये पाच आवाजांचा फ्यूग आहे, म्हणजे एकच धून एकामागून एक आवाज उचलत जातो, आणि खाली फक्त कंटिन्युओ (चेलो, डबल बास आणि ऑर्गनचा खर्जाचा पाया). तिथे प्रत्येक आवाज वेगळा कळलाच पाहिजे, नाहीतर काही उरत नाही.

आता लयीचा हिशोब. ४ सेकंदांचा निनाद म्हणजे आवाज दर सेकंदाला १५ डेसिबल खाली उतरतो. मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत एक मात्रा ०.६७ सेकंदाची. लय ८० वर आणली तर मात्रा ०.७५ सेकंदाची होते, म्हणजे जुना स्वर विरायला ०.०८ सेकंद जास्त मिळाले आणि पदरात पडला जेमतेम सव्वा डेसिबल. त्याऐवजी लय ९० वरच ठेवून प्रत्येकाने स्वर एक-तृतीयांश आधी सोडला, तर पुढचा स्वर येण्याआधी ०.२२ सेकंद मोकळे मिळतात आणि जुना स्वर तीन डेसिबलहून अधिक खाली गेलेला असतो. शिवाय श्वास पुरतो, संगीतातला नाच टिकतो, ट्रम्पेटवाल्यांचे ओठ वाचतात. बाखच्या काळातल्या बासरीवादक क्वांट्झने १७५२ च्या आपल्या बासरीवरच्या ग्रंथात लिहिलं आहे की मोठ्या, घुमणाऱ्या जागेत फार वेगाने वाजवलं तर आनंदापेक्षा गोंधळच जास्त होतो, आणि ते खरंच आहे. ९० चं ११० करू नका एवढाच त्याचा अर्थ. ९० चं ७० करा असं त्यात कुठेही नाही.

शब्द का हरवतात हेही कळून घ्या, म्हणजे कॉयरला सांगताना नेमकं सांगता येईल. व्यंजनांची ताकद वरच्या पट्टीत असते, आणि मोठ्या जागेत वरची पट्टी हवाच खाऊन टाकते. स्वरांची ताकद खालच्या आणि मधल्या पट्टीत असते आणि ती दगडावर आपटत राहते. त्यामुळे आधीच्या अक्षरातला ‘आ’ पुढच्या अक्षरातल्या ‘त’ला झाकतो. अशा वेळी कंडक्टर ‘व्यंजनं जोरात’ म्हणून ओरडतो आणि सगळे ती थुंकल्यासारखी म्हणू लागतात. उपाय उलट आहे: आधीचा स्वर लवकर सोडा, व्यंजनाला रिकामी जागा द्या, मग ते हळू म्हटलं तरी पोचतं. शेवटचं ‘स’ सगळ्यांनी म्हणायचं नाही. प्रत्येक आवाजात दोघांनी म्हणायचं, बाकीच्यांनी तोंड उघडं ठेवून स्वर थांबवायचा. शेवटचं ‘त’ विरामाच्या मात्रेवर नेमकं ठेवायचं, त्याच्या मागेपुढे नाही.

पहिल्या कोरसमधल्या सोळांश स्वरांच्या लडी घ्या. हॉलमध्ये त्या सलग, गुळगुळीत गायल्या की छान वाटतात, पण चर्चमध्ये त्याचा एक लांब ‘आऽऽ’ होतो. चार-चारच्या गटातल्या पहिल्या स्वरावर किंचित टेका आणि उरलेले तीन हलके सोडून द्या. प्रत्येक स्वराला ‘ह’ लावून तोडायचं नाही, त्याने श्वास फुकट जातो आणि माइकवर धापा ऐकू येतात. मराठी गायकाला हे लवकर कळतं, कारण गाभाऱ्यात संथ अभंग किती भरून येतो आणि तिथेच द्रुत तान घेतली तर दाणे कसे चिकटतात हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं.

‘ओम्नेस गेनेरात्सिओनेस’ या कोरसवर तालमीत कमी वेळ गेला तरी चालेल. तिथे आवाजांची झुंबड बाखला हवीच आहे. ‘सगळ्या पिढ्या’ एकमेकांवर कोसळताहेत. फक्त प्रत्येक नव्या आवाजाच्या पहिल्या दोन अक्षरांना धार द्या आणि आत शिरल्यावर लगेच मागे सरका. सोप्रानोच्या आर्यातून (एकल गाण्यातून) हा कोरस थेट सुरू होतो, त्यामुळे रेकॉर्डिंगलाही तो जोड सलगच गायचा. नंतर शिवायला गेलात तर जोड कळतो.

‘फेकित पोतेन्तियाम’ या सातव्या भागावर मात्र हवा तेवढा वेळ घाला. गर्विष्ठांना देवाने उधळून लावलं, ‘दिस्पेर्सित’. बाख हा शब्द एका आवाजाकडून दुसऱ्याकडे फेकत नेतो आणि ‘सुपेर्बोस’वर सगळे एकत्र येऊन एका ताणलेल्या, अर्धवट स्वरमेळावर थांबतात. मग विराम, आणि त्यानंतर संथ ‘मेन्ते कोर्दिस सुई’. कोरड्या हॉलमध्ये तो विराम म्हणजे नुसती शांतता. चर्चमध्ये त्या विरामात भिंती गातात. किती थांबायचं यावर मी कंडक्टरांशी नेहमी हुज्जत घालते. माझं मत ठाम आहे: निनाद पूर्ण मरू द्यायचा नाही. शेपूट अजून छताजवळ ऐकू येत असताना ‘मेन्ते’ सुरू करायचं, म्हणजे नवा स्वरमेळ जुन्या ताणाच्या उरलेल्या धुक्यातून उगवतो. रिकाम्या चर्चमध्ये हे थांबणं मैफिलीपेक्षा लांब होणार, म्हणून कंडक्टरने मोजून थांबू नये, ऐकून थांबावं. आणि ‘सुपेर्बोस’चं ‘स’ एकाच वेळी संपलंच पाहिजे. इथे तीन जण रेंगाळले तर तो सुस्कारा पुढचे चार सेकंद सगळ्यांना ऐकू येतो.

कंटिन्युओकडे बहुतेक हौशी कॉयर लक्ष देत नाहीत, आणि निम्मा चिखल तिथूनच येतो. दगडी चर्चमध्ये खालच्या स्वरांचा निनाद मधल्या स्वरांपेक्षा लांब असतो. डबल बास चेलोच्या एक सप्तक खाली वाजतो, आणि तो सतत, पूर्ण लांबीने वाजत राहिला की वरचं सगळं त्या पाण्यात बुडतं. फ्यूगच्या जागी डबल बासला थांबवून फक्त चेलो आणि छोटा पेटी-ऑर्गन ठेवून पाहा. जिथे तिन्ही ट्रम्पेट आणि टिंपनी येतात (पहिला भाग, सातवा आणि बारावा) तिथे त्याला परत आणा. टिंपनीला कडक काठ्या द्या, कापसाच्या नकोत. मागच्या गॅलरीतल्या मोठ्या ऑर्गनचा मोह टाळा. तो ३० मीटर दूर असेल तर त्याचा आवाज तुमच्यापर्यंत यायला ८७ मिलिसेकंद लागतात. एवढ्या फरकाने कुणी एकत्र गाऊ शकत नाही.

कॉयर उभा कुठे करायचा? वेदीच्या मागच्या अर्धगोल खोबणीत नाही, आणि क्रॉसिंगवर (चर्चच्या दोन बाजू जिथे छेदतात तिथे) घुमट असेल तर त्याच्या थेट खालीही नाही. नेव्हमध्ये, म्हणजे लोक बसतात त्या मुख्य दालनात, पुढे या, पायऱ्यांवर उंच उभे राहा, एकमेकांच्या जवळ राहा. बाखचे गायक मागच्या बाजूच्या गॅलरीत उंचावर असत, त्यांचा आवाज माणसांच्या डोक्यांवरून थेट पुढे जाई. तुमच्या चर्चची गॅलरी मजबूत आणि पुरेशी मोठी असेल तर मैफल तिथून करून पाहाच, प्रेक्षकांना पाठमोरं बसावं लागलं तरी.

व्हेनिसचं उदाहरण इथे उपयोगी आहे. २००७ मध्ये केंब्रिजच्या अभ्यासकांनी तिथल्या चर्चेसमध्ये प्रत्यक्ष कॉयर उभा करून मोजमापं घेतली. संगीतकार मोन्तेव्हेर्दी जिथे १६१३ पासून मृत्यूपर्यंत संगीतप्रमुख होता त्या सॅन मार्कोत, वेदीजवळच्या, वास्तुकार सान्सोव्हिनोने बांधलेल्या छोट्या सज्ज्यांतून गायलेलं डोजेच्या (व्हेनिसच्या राज्यप्रमुखाच्या) जागी बसलेल्याला स्पष्ट ऐकू येतं, आणि बाहेर नेव्हमध्ये उभ्या असलेल्या लोकांना गढूळ. म्हणजे ‘सॅन मार्कोचा आवाज’ म्हणून आपण ज्या अफाट घुमण्याची कल्पना करतो तो फुकट्या श्रोत्यांच्या वाट्याचा होता. ज्याच्यासाठी गायलं जायचं तो जवळ बसलेला होता. दूर-जवळचा हा खेळ त्या काळच्या लोकांना पक्का ठाऊक होता. संगीतकार गाब्रिएलीकडे व्हेनिसला शिकून आलेल्या जर्मन संगीतकार शुट्झने १६३६ च्या ‘मुझिकालिशं एक्सेक्वियन’ या अंत्यविधीच्या रचनेत पहिला कॉयर ऑर्गनजवळ आणि दुसरा, दोन देवदूत आणि एक मुक्त आत्मा असा तिघांचा, दूर ठेवायला स्पष्ट सांगितलं आहे. तुम्हाला माइक लावायचे आहेत, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवा: निनाद सगळीकडे जवळपास सारखाच असतो, बदलतो तो थेट येणारा आवाज.

यावरूनच माइकचं अंतर ठरतं. एका ठरावीक अंतरावर थेट आवाज आणि निनाद समसमान होतात. घनफळाला निनादकाळाने भागून वर्गमूळ काढा, ०.०५७ ने गुणा. आपल्या रिकाम्या चर्चमध्ये हे अंतर निघतं २.८५ मीटर. भरलेलं असताना साडेतीन मीटर. चहूकडून सारखं ऐकणारे माइक, म्हणजे ऑम्नी, याच्या फार पलीकडे नेलेत की तुमच्या हाती धुकं येणार. कार्डिऑइड माइक मागचं कमी ऐकतो, त्यामुळे त्याला साधारण १.७ पट लांब, म्हणजे पावणेपाच मीटरपर्यंत मुभा मिळते. ऑम्नीचा खर्ज सुंदर असतो आणि कोरड्या जागेत मी दुसरं काही लावत नाही. ४ सेकंदांच्या रिकाम्या चर्चमध्ये मात्र मुख्य जोडी कार्डिऑइडची घ्या: १७ सेंटिमीटर अंतर, ११० अंशांचा कोन, कंडक्टरच्या डोक्याच्या जरा मागे, जमिनीपासून तीन-सव्वातीन मीटरवर.

मैफिलीची मांडणी जशीच्या तशी रेकॉर्डिंगला ठेवू नका. वादक पुढे आणि कॉयर त्यांच्या मागे असला की वादक माइकपासून तीन मीटरवर आणि गायक आठ मीटरवर येतात. व्हायोलिन कानाशी, शब्द दुसऱ्या गावात. रात्री श्रोते नाहीत, कुणाकडे तोंड करायचं हे तुमच्या हातात आहे. कॉयरचा अर्धगोल करा, त्यांच्यासमोर वादकांचा, माइक मध्ये. ट्रम्पेट-टिंपनी दूर, तिरके. त्यानंतरही कॉयर मागे वाटला तर दोन मदतीचे माइक गायकांच्या दीड-दोन मीटर पुढे लावा आणि मिक्समध्ये त्यांना उशीर द्या, पाच मीटरच्या फरकाला साधारण १५ मिलिसेकंद. मदतीचे माइक मुख्य जोडीपेक्षा बरेच खाली ठेवायचे. त्यांचा आवाज वेगळा कळू लागला की जास्त झालं. लांब मागे एक जोडी फक्त निनादासाठी लावा आणि वेगळ्या ट्रॅकवर घ्या, पुढे चिमूटभर लागेल. रेकॉर्डिंग २४ बिटवर घ्या, आणि तालमीतल्या सगळ्यात मोठ्या आवाजालाही शिखर −१० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ट्रम्पेट खऱ्या टेकला, म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्डिंगच्या वेळी, नेहमीच मोठे वाजतात.

निनाद कमी करायचा स्वस्त मार्गही आहे. जाड लोकरी घोंगड्या, गाद्या, पडदे जे मिळेल ते बाकांवर पसरा. सगळ्या गायकांचे कोट बाकांच्या पाठींवर लटकवा. ४०० माणसांची भरपाई होत नाही, पण मधल्या-वरच्या पट्टीत फरक कानाला कळतो. हे शक्य नसेल तर मैफल रेकॉर्ड करा आणि चुकलेल्या जागा आधीच्या रात्रींतून भरा. इथे एक अडचण येईल: भरलेल्या आणि रिकाम्या चर्चमधले टेक जोडताना निनादाची लांबी जुळत नाही. म्हणून संपूर्ण भागच्या भाग बदला, मधली दोन मापं नाही.

जोडकामाबद्दल. ‘चौतिसाव्या मापापासून पुन्हा घेऊ’ म्हणून बरोबर चौतिसाव्यापासून सुरू केलेला टेक चर्चमध्ये निरुपयोगी असतो, कारण त्याच्याखाली आधीच्या मापाचा निनादच नाही. कात्री लावली की तळ अचानक कोरडा होतो. नेहमी किमान ४ सेकंदांचं संगीत आधीपासून गा, म्हणजे दोन-तीन मापं. शेवटीही तेच: शेवटचा स्वर संपल्यावर कंडक्टरचा हात वर राहील तोवर कुणी पान उलटायचं नाही, बूट हलवायचा नाही. प्रत्येक रात्री एक-दोन मिनिटं नुसतं रिकामं चर्च रेकॉर्ड करून ठेवा. आणि घड्याळाच्या घंटा रात्रीपुरत्या बंद करता येतात का हे पाद्रीबाबांना आठवडाभर आधी विचारा.

तापमानाकडे लक्ष हवं. आवाजामुळे हीटर बंद करावा लागतो, चर्च थंड होत जातं, आणि दर अंशाला ऑर्गन सुमारे ३ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले तीन) उतरतो. संध्याकाळी १९ अंशांवर घेतलेला टेक आणि मध्यरात्री १५ अंशांवर घेतलेला टेक यांत १२ सेंटचा फरक पडतो, आणि तो जोडावर स्पष्ट कळतो. एक भाग हाती घेतला की तो त्याच तासात संपवा. ट्रम्पेटचे तिन्ही भाग पहिल्या रात्री, लवकर. पेटी-ऑर्गन ४१५ हर्ट्झवर (जुन्या, खालच्या पट्टीत) लावलेला असेल तर दर अर्ध्या तासाने तपासा.

एक गोष्ट आवर्जून सांगते. जपानी कंडक्टर मासाआकी सुझुकी आणि त्यांचा कॉयर-वाद्यवृंद बाख कोलेजियुम जपान यांनी १९९५ ते २०१३ या काळात बाखचे चर्च-कँटाटा कोबेतल्या एकाच विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये रेकॉर्ड केले. त्या मालिकेत शब्द इतके स्वच्छ आहेत ते केवळ उच्चारामुळे नाही. ती सगळी मंडळी ती खोली पाठ करून बसली होती. तुमचं चर्च तुमच्याच गावात आहे. एक-दोन तालमी आताच तिथे हलवा, हॉलमध्ये पक्कं करून मग चर्चमध्ये नेऊ असं करू नका. कॉयरमधल्या एकाला पाळीपाळीने नेव्हमध्ये मागे बसवा आणि काय ऐकू आलं ते त्याच्याच तोंडून बाकीच्यांना सांगायला लावा.

गोव्याचं. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलसारख्या कमानदार छताच्या प्रचंड वास्तूत ‘माग्निफिकाट’ मी नेणार नाही. तिथे दोन कॉयरांचं संथ संगीत खुलेल. टेकडीवरच्या कापेला दो मोंते या चॅपेलमध्ये संगीत महोत्सव भरतो, आणि ३० जणांच्या बाखला अशी आटोपशीर जागा योग्य. अडचण निनादाची नसेल, उघड्या खिडक्या, कावळे आणि पंख्यांची असेल. पंखे बंद केले की गायक घामाने भिजतात आणि तंतुवाद्यं उतरतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या रात्री निवडा. आणि ईस्टरआधीच्या चाळिसाच्या दिवसांत (लेंट) तिथल्या गावोगावच्या चर्चमध्ये लॅटिन मोतेत (धार्मिक समूहगीतं) गातात ते एकदा आधी जाऊन ऐका. त्या गायकांनी आपल्या चर्चचा निनाद पिढ्यान् पिढ्या ऐकला आहे. कुठल्या अक्षरावर थांबायचं आणि कुठलं अक्षर भिंतीवर सोडून द्यायचं हे तुमच्या टेनरांना त्यांच्याकडून एका संध्याकाळीत शिकता येईल.